मुक्या ठरलेल्या फळ्या

ऑडिओच्या दुकानामागे ऐकण्याची खोली होती. भिंतींना जाड फोम, खिडक्यांना पडदे, समोर माणसाएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्या मधोमध अॅम्प्लिफायर. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

यंत्रांचा आवाज सुधारून देतो म्हणणाऱ्या कानस्वामींनी कोटाच्या खिशातून बटणाएवढी लाकडी चकती काढली.

"ही नादचकती. कारखान्यात बनत नाही, ध्यानात बनते. आता डोळे मिटा आणि तेच गाणं पुन्हा ऐका."

त्यांनी चकती अॅम्प्लिफायरवर ठेवली, दुसरा हात आशीर्वाद दिल्यासारखा यंत्राच्या कडेला टेकवला आणि गाणं सुरू झालं.

"अहाहा! पडदाच सरकला!"

"बाई समोर उभं राहून गातेय हो!" एका निवृत्त कारकुनाने चक्क डोळे पुसले.

मागच्या रांगेत एक बाई बसली होती. तिचा नवरा हाताने गिटारी घडवायचा. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली होती; गेली दोन वर्षं ती नेहमी उजव्याच बाजूला बसे. सगळ्यांनी डोळे मिटले होते. तिने मिटले नव्हते. प्रार्थनेच्या वेळेशिवाय डोळे मिटायची तिला सवय नव्हती.

"आता आपले उस्ताद!" कानस्वामींनी हाक मारली. "फळी आणलीत?"

नवरा लगबगीने पुढे गेला. गिटारच्या दर्शनी भागासाठी त्याने तीस वर्षं जमवून वाळवलेल्या चाळीस फळ्या घरी होत्या. अलीकडे एकही वाजत नव्हती. तो फळी धरायचा, बोटाने ठोकायचा आणि सुतकी चेहऱ्याने परत ठेवायचा. सहा महिने नवी गिटार सुरूच केली नव्हती.

कानस्वामींनी फळीवर रेशमी कापड टाकलं. "उघड्या लाकडाला नजर लागते." कापडाखाली हात घालून ठोकलं. ठप्प. ओल्या भिंतीवर मारल्यासारखं. मग कापडाखाली चकती सरकवली, पुन्हा ठोकलं. टण्ण! खोली शहारली.

"ही एक जागी झाली. बाकीच्या मेल्यात, उस्ताद. घरात मेलेलं लाकूड ठेवू नये. बाहेर टेम्पो उभा आहे, मी तुमच्या घरून घेऊन जातो. त्यांना मुक्ती देतो."

"न्या," नवरा म्हणाला. "मला आता बघवत नाहीत."

त्या फळ्या गेल्या की हा माणूस पुन्हा रंधा हातात घेणार नाही, हे बाईला स्वच्छ दिसलं. ती उठली. तिचा आवाज मुळातच हळू. लोकांना गप्प व्हावं लागलं.

"स्वामी, एवढं कापड काढून वाजवाल?"

"श्रद्धा नाही वाटतं?"

"आहे ना. देवावर आहे. कापडावर कशी ठेवू?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाईने स्वतःच कापड बाजूला करून फळी उचलली. आधी पंजात गच्च धरून अंगठा मधोमध दाबला आणि ठोकलं. ठप्प. मग कडेपासून पाव भाग सोडून दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरली. टण्ण. चकती टेबलावर तशीच पडली होती.

"लाकडाला हलायला जागा दिली की ते वाजतं. आमच्या घरी हे पहिल्या दिवशी शिकवतात." मग ती दुकानदाराकडे वळली. "भाऊ, तुमच्याकडे आवाज मोजायचं मीटर होतं ना?"

"स्वामींनी ते बंद करायला लावलं," दुकानदार कान खाजवत म्हणाला. "म्हणाले, मीटर म्हणजे मुडद्याची नाडी बघणं."

"काढा तरी. नाडीच बघू."

धूळ पुसून मीटर मांडलं. चकतीशिवाय बहात्तर. चकती ठेवून, स्वामींचा हात टेकवून, चौऱ्याहत्तर. मग बाईने नम्रपणे स्वामींना हात मागे घ्यायला सांगितला, त्या हाताखाली सरकलेलं आवाजाचं बटण मूळ खुणेवर आणलं आणि चकती तिथेच राहू दिली. बहात्तर.

"दोन डेसिबल," दुकानदार पुटपुटला. "एवढ्याशा फरकाला कान 'मोठा' म्हणत नाही हो, 'चांगला' म्हणतो. मला ठाऊक होतं. धंद्यात आहे मी. आणि तरी मी माना डोलावत बसलो."

कारकून चष्मा पुसत राहिला. स्वामी टेम्पोवाल्याला काही सांगायला म्हणून बाहेर गेले. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. नवऱ्याने नाही.

तो फळी घेऊन उभाच होता. "अगं, हा लबाड असेल. पण घरी तर मीच ठोकतो ना? माझ्या चिमटीत. तिथे का नाही वाजत?"

बाईने फळी उलटी केली. मागे तिच्या पेन्सिलीचं अक्षर होतं: तारीख, वजन, ठोक्याचा आकडा. प्रत्येक फळी आली की ती ट्यूनर, म्हणजे सूर मोजायचं यंत्र, लावून आकडा लिहायची आणि तो हसायचा: "लाकूड माझ्याशी बोलतं, तू काय त्याचा ताप मोजतेस?"

"हे अठरा वर्षांपूर्वीचं. एकशे शहाऐंशी. लाकूड किडलं, तडकलं, तर आकडा खाली येतो. ठोका तुम्ही."

तिने पिशवीतून ट्यूनर काढून जवळ धरला. त्याने चिमटीत धरून ठोकलं. काचेवर एकशे सत्त्याऐंशी उमटलं. त्याने पुन्हा ठोकलं, जोरात. तोच आकडा. फळीचा नाद खोलीभर फिरून विरला.

नवऱ्याने वर पाहिलं. "वाजलं?"

चाळीस जणांनी तो नाद ऐकला होता.

"वाजलं हो," बाई म्हणाली. "छान वाजलं."

त्याने फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं. दाराची बेल, उतू जाणाऱ्या दुधाची चर्र... तुम्हाला ऐकू जाईना. मी नेम केला होता. तुमचे कान बरे व्हावेत म्हणून आठवड्यातून एक दिवस मौन."

त्याला ऐकू यावं म्हणून ती बोलतच नव्हती. हे तिलाही त्या खोलीत, सगळ्यांसमोर उभं असताना पहिल्यांदा कळलं.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि आलेख पुढे ठेवला. लाकूड घासायच्या सँडिंग मशीनने डाव्या कानाचं ऐकणं जवळपास सगळं आणि उजव्याचं बरंचसं कायमचं नेलं होतं. "कानात बोळे घालून काम केलं असतं, दोन वर्षं आधी आला असतात, तर बरंच वाचलं असतं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

प्रार्थना तिने सोडली नाही. मौन सोडलं. देव कान देतो, तसं मोजायचं डोकंही त्यानेच दिलेलं असतं. ते बाजूला ठेवून हात जोडण्यात भक्ती नाही, आळस आहे. आता कोणी नवी चकती, नवा दोरा, नवं तेल घेऊन आलं की ती आपल्या हळू आवाजात एवढंच विचारते: "कापड काढून दाखवाल? हात मागे घेऊन? आणि ती वस्तू कधी लावली, कधी नाही, ते न सांगता?" तुम्हीही विचारा. आणि घरातल्या कोणाला कमी ऐकू यायला लागलं, तर त्याच दिवशी बोला.

चाळीसही फळ्या घरीच आहेत. सकाळी नवरा एकेक काढतो, हनुवटी फळीच्या कडेला टेकवतो आणि ठोकतो. काहीतरी हाडातून येतं, म्हणतो. मग मान वळवतो.

"किती?"

बाई उजव्या बाजूला उभी राहून आकडा सांगते. कधी दोनदा सांगावा लागतो. तिच्या जुन्या अक्षराखाली तो स्वतःच्या हाताने पेन्सिलीने लिहितो.