शेवटची पाटी

दिगंबरपंत मोघ्यांना पंधरा वर्षं एकाच भिंतीकडे बघण्याचा पगार मिळत होता. दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीचा सुमार. लोणावळ्याच्या एका धरणावर ते इंजिनियर होते. धरण बांधणारे साहेब लोक कधीच पांगले होते. मागे उरले हे, पाणी कुठे पाझरतंय का ते रोज भिंतीवरून चालत बघायला. भिंत धड होती, त्यामुळे यांचं नाव कुणाच्या तोंडी येण्याचं कारण नव्हतं. बरोबरीचे लोक मुंबईत नाव काढू लागल्यावर ही गोष्ट पंतांना फार सलू लागली.

अशाच एका स्नेह्याने फोर्टात कन्सल्टिंग इंजिनियरची कचेरी काढायचं ठरवलं आणि पंतांना भागीदार व्हायला बोलावलं. जागा बघायची, काय करावं ते सांगायचं आणि पुढच्या कामाला निघायचं. बांधणारे बांधतील. पंतांना त्यातलं हे निघणं भारी आवडलं. पण हातची नोकरी सोडायचा धीरही होईना. अरुंधतीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं या घरात झोपताना मला कधी पाण्याची भीती वाटली नाही. आपण आहात म्हणून. पुढचं आपण ठरवा." हे 'हो' होतं की 'नाही', ते पंतांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच हिवाळ्यात आंदर मावळातल्या एका वाडीचा रखमाजी दारात आला. वाडीच्या ओढ्याला बांध घालायचा होता, जागा दाखवा म्हणाला. सल्ल्याचं काम आपल्याला जमतं का ते तरी कळेल, म्हणून पंत रविवारी गेले. बांधाची रेघ आखून दिली. पाया कातळापर्यंत न्या, काळी माती धुमसून, ठोकून ठोकून बसवा, जादा पाण्याला उजवीकडून सांडवा काढा, असं बजावलं. काम चालू असेतो ओढा वाहायला मधे तोंड मोकळं ठेवा, आणि अक्षयतृतीयेच्या आत ते बुजवा, हेही सांगितलं. वाडीने पहिला दगड त्यांच्याच हातून बसवून घेतला.

"पयला दगड तुमच्या हातचा, तर मातीची शेवटची पाटी बी तुमीच टाकायची," रखमाजी म्हणाला. "तोंड तुमी यून बुजवायचं, सायेब. आमच्यात असंच असतंय."

"येईन की," पंत म्हणाले. निरोप घेताना आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत विसरले. वाडीत मात्र त्या शब्दावर काम सुरू झालं.

वैशाखात ते मुंबईला गेले. दोन दिवसांचे आठ दिवस झाले. स्नेह्याने खिडकीतून दिसणारा समुद्र दाखवला, पंतांच्या नावाचा ताजा रंगवलेला बोर्ड दाखवला. त्या बोर्डापुढे पंत बराच वेळ उभे राहिले. "घरी जाऊन राजीनामाच देतो," असं म्हणून त्यांनी परतीची गाडी धरली.

घरी आले तर रखमाजी ओसरीवर.

"तीन दिवस झाले," अरुंधतीबाई हळूच म्हणाल्या. "जेवतात, पण आत यायला तयार नाहीत."

"बांध झाला, सायेब," रखमाजी उठून म्हणाला. "तोंड तेवढं ऱ्हायलंय. समदी थांबल्यात."

"अहो, मग बुजवायचं नाही का? अक्षयतृतीया होऊन गेली की!"

"तुमी येईन म्हनला व्हता."

आल्या पावली दोघं निघाले. वडगावला गाडीतून उतरले आणि पायी चालू लागले. अर्ध्या वाटेवर समोरचे डोंगर काळे पडले. यांच्या अंगावर थेंब नव्हता, पण पुढे वळीव कोसळत होता. रखमाजीने एकदा वर बघितलं आणि चाल वाढवली.

ते पोचले तेव्हा ओढा तांबडा झाला होता. मोकळ्या तोंडातून लोंढा घुसला होता आणि दोन्हीकडची धुमसलेली माती घेऊन गेला होता. कातळावरचा पाया जागच्या जागी होता. पंतांचा सल्ला अगदी बरोबर निघाला होता.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. वाडीतली माणसं काठावर उभी होती, त्यांतल्या एकाने पंतांना बसायला घोंगडी अंथरली. रखमाजीची बायको झुंबरबाई घरात गेली आणि काळ्या मातीने भरलेली पाटी घेऊन आली.

"तुमच्यासाटनं भरून ठिवली व्हती," ती म्हणाली. "भिजू दिली न्हाई."

पंतांनी पाटी उचलली. टाकायला जागा नव्हती. मातीत एकही खडा नव्हता, कुणीतरी बसून निवडली होती. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

"चूक माझी आहे, रखमाजी."

रखमाजी पायाकडे बघत म्हणाला, "पाया हाय. भातं निघाली की पुन्यांदा लागू. पर औंदा आदीच इचारून ठिवतो. फुडल्या उन्हाळ्यात तुमी कुटं असाल?"

पंतांना फोर्टातला बोर्ड आठवला. त्यावर त्यांचं नाव खरोखरच देखणं दिसत होतं.

"लोणावळ्यात," ते म्हणाले. "धरणावरच."

झुंबरबाईने पाटी उचलली आणि पुन्हा घरात नेऊन ठेवली.