पायरी ओळखून

माझा मामा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. वर्गात विद्यार्थी एकच उरला होता, तो मी, आणि मलाही मामीने बसवलेलं. घरातला माणूस रिकाम्या बाकांशी बोलतो हे बाहेर कळू नये, एवढाच तिचा हेतू होता.

यंदा प्राचार्यांनी विषय बंद करायचं ठरवलं. मामाला काढून टाकणं मात्र त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी त्याला पार्किंगवर नेमलं. तुम्ही लोकांना थांबून विचार करायला लावता असं ऐकून आहे, ते म्हणाले, पार्किंगमध्ये निम्मं काम तेच असतं. मामाला एक शिट्टी मिळाली. पहिल्याच सकाळी त्याने फाटकात एका स्कूटरवाल्याला अडवून तू इथे का आलास, असं विचारलं. स्कूटरवाला विचारात पडला. मागे रांग लागली. रांग चौकापर्यंत पोचली तेव्हा तिच्यात प्राचार्यांची गाडीही होती.

संध्याकाळी मामाने शिट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे समोरचं न दिसणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे तिला ठाऊक आहे. शिकवायचं बंद झालं तर हा माणूस वाळून जाईल, आपण कोर्टात जायचं, असं तिने जाहीर केलं. मामाने वकील नको म्हटलं. आपली बाजू वकिलाने मांडायची तर ती आधी त्याला पटायला हवी, आणि त्याला पटेपर्यंत आपण निवृत्त होऊ.

तारखेला आम्ही तिघं वेळेवर पोचलो. मामा कोर्टाच्या पहिल्या पायरीशी गेला आणि थबकला. एक पाय उचलला, तो तसाच परत खाली ठेवला. गार पाण्याचा अंदाज घ्यावा तसा.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," तो म्हणाला.

मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात. तो म्हणाला, सगळे म्हणतात आणि सगळे चढतात, त्यांचं ते बघतील. त्याची अडचण वेगळी होती. चढलो तर आपण शहाणे नाही हे जगजाहीर झालं. मग शहाणपणाचा विषय मलाच शिकवू द्या, असं कुठल्या तोंडाने मागायचं? न चढावं तर शहाणे ठरतो, पण जन्मभर शिट्टी.

बाजूला चाकाच्या खुर्च्यांसाठी सपाट चढण होती. म्हणीत पायरी आहे, चढणीचा उल्लेख नाही, हे मी दाखवून दिलं. मामाला मुद्दा आवडला. पण शब्द पाळून अर्थ बुडवणं म्हणजे वकिली झाली, असं म्हणून त्याने तो फेटाळला.

वर पुकारा सुरू झाला होता. नाव पुकारल्यावर हजर नसलात तर प्रकरण तिथेच निकाली, अशी ताकीद आम्हाला आधीच मिळाली होती. एक जाडसर गृहस्थ धापा टाकत वर निघाले होते. मामाने त्यांना वाट दिली आणि म्हणीचं काय, असं विचारलं. ते न थांबता म्हणाले, शहाणा असतो तर सख्ख्या भावाशी भागीदारी केली असती का?

मामा त्यावर विचार करू लागला. शिपायाने दार उघडलं आणि आमच्या आधीच्या प्रकरणाचं नाव घेतलं. मामीने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"अहो, तुम्ही शहाणे आहात असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

मामाने बराच वेळ आठवून बघितलं.

"कोणीच नाही."

"आमच्या माहेरचं तर कोणी म्हणालेलं नाही. मग म्हण तुम्हाला लागूच नाही. आपली पायरी ओळखा आणि चढा."

मामाचा चेहरा उजळला. तो दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला.

आत कॉलेजच्या वकिलाने फार वेळ घेतला नाही. तत्त्वज्ञान हा शहाणपणाचा विषय. अर्जदार कोर्टाची पायरी चढलेले आहेत. म्हणजे वाडवडिलांच्या वचनानुसार ते शहाणे नाहीत, सबब विषयाला अपात्र. पार्किंगला शहाणपण लागत नाही, सबब तिथे पात्र. तो खूश होऊन बसला. मामाने उठून हे सगळं बरोबर आहे असं सांगितलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि तुम्ही आत्ता काय कबूल केलंत हे तुम्हाला कळतंय का, असं विचारलं.

"शहाणपण माझ्याकडे असतं तर मी ते एका तासात वाटून मोकळा झालो असतो, मॅडम," मामा म्हणाला. "नाही, म्हणून तर रोज वर्ग घ्यावा लागतो."

मग त्याने वकिलाला, आपण वर कसे आलात, असं विचारलं. वकिलाने पायऱ्यांनी असं उत्तर दिलं आणि ते देऊन झाल्यावर त्याला वाईट वाटलं. मामाने बाईंकडेही पाहिलं, पण विचारलं नाही. बाईंनी आपण मागच्या लिफ्टने येतो असं आपणहून सांगितलं आणि ते नोंदवू नका म्हणाल्या.

हुकूम असा झाला: प्रवेश संपायच्या आत वर्गातली बाकं भरली तर विषय चालू, नाही तर शिट्टी. वकील माझ्याकडे बघून हसला. भरलेलं बाक एकच होतं, आणि तेही नात्यातलं.

बाहेर येऊन मामा सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहिला. खाली उतरेना. मला वाटलं पुन्हा अडला, म्हणून उतरण्याबद्दल म्हणीत काही नाही असं मी सांगितलं. त्याचं लक्ष नव्हतं. खालपर्यंत पायऱ्यांवर माणसं बसली होती. काहींना पुढची तारीख मिळाली होती, काही ती मिळायची वाट बघत होती. त्यांत तो भागीदारीवाला गृहस्थही होता. त्याच्यापासून लांब, तोंड फिरवून, हुबेहूब तसाच आणखी एक गृहस्थ होता.

"केवढे आहेत बघ," मामा हळू आवाजात म्हणाला. "आणि सगळे चढलेले."

वर्गात तो दरवर्षी पहिला महिना पोरांना आपण शहाणे नाही हे पटवण्यात घालवायचा, आणि मला तर ते अजून पटलेलं नाही. इथे ते काम कोर्टाने करून ठेवलं होतं.

त्याने खिशातून शिट्टी काढून वाजवली. सगळ्यांनी माना वर केल्या. ती शिट्टी पहिल्यांदाच नीट वापरली गेली होती.

"तुम्ही इथे का आलात?" त्याने विचारलं.

उत्तरं अंधार पडेपर्यंत चालली. कॉलेजच्या नियमात वयाची अट नव्हती. ती घालावी असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आता मागे उभा राहतो, कारण बाकं भरलेली असतात. दोघे भाऊ दोन टोकांना बसतात. कॉलेजचा वकीलही येतो. आपण फक्त अपिलाची तयारी करतोय, असं त्याचं म्हणणं आहे.

प्रवेश संपले त्या संध्याकाळी मामीने पानं मांडताना विचारलं, मग, झालात का आता शहाणे? मामा अजून नाही म्हणाला आणि जेवायला बसला.