सगळ्यात मागची

औरादजवळच्या त्या हायस्कुलात यंदा नवीन नियम आला. प्रार्थनेआधी अख्ख्या शाळेनं मैदानाला फेऱ्या मारायच्या, डब्यात तेलकट आणायचं नाही, आणि वर्गाचा नंबर लागणार तो वर्गातल्या सगळ्यात मागच्या मुलावरून.

"एकट्यानं धडधाकट असून भागत न्हाई," खेळाचे रत्नपाल सर पालकांना म्हणाले. "मागच्याला पुढं आणायचं काम वर्गाचं."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. विजयश्रीची आई सोजराबाई, तिनंही वाजवल्या.

नववीत सगळ्यात मागं विजयश्रीच असायची. अंगानं भरलेली, दोन फेऱ्यांतच धापा टाकणारी. पहिल्या दिवशी पोरींनी तिला हाका मारून धीर दिला. पण हरलेल्या वर्गाला मैदान झाडावं लागे, आणि जिंकलेले केळी खात बघत बसत. मग हाका थांबल्या. कुणी मागून ढकलायला लागलं, कुणी दंडाला चिमटे काढायला. सरांनी तिची जबाबदारी शिवकन्येवर टाकली. पहिलीपासून एका बाकावर बसणारी तिची मैत्रीण, पळण्यात सगळ्यांत पुढं.

शिवकन्येनं विजयश्रीचा डबा उघडला. "धपाटे खायलीस? तुझ्यापायी आम्ही रोज झाडू मारायलोत, अन् तू धपाटे खायलीस?" तिनं डबा भिंतीपलीकडं कुत्र्यांसाठी उपडा केला. दुसऱ्या दिवसापासून विजयश्रीनं डबाच आणला नाही.

तुरीची खुरपणी सोडून सोजराबाई शाळेत आली. "सर, पोरगी जेवायली न्हाई. सकाळी चुलीपुढं चक्कर येऊन पडली."

"सुरुवातीला व्हतंच तसं, अक्का," सर गोड आवाजात म्हणाले. "पोरगी निरोगी व्हावी असं तुम्हाला वाटत न्हाई का?"

सोजराबाई तशीच परत रानात गेली.

विजयश्रीचे गाल बसले, केस गळायला लागले. ती बोलेनाशी झाली, पण पळायला लागली. दिवाळीनंतर नववीचा पहिला नंबर आला. ढाल घ्यायला तिलाच पुढं बोलावलं. "हिच्याकडून शिका," सर माईकवर म्हणाले. शिवकन्येनं तिला मिठी मारली, तेव्हा तिची हाडं शिवकन्येला टोचली.

संक्रांतीनंतर सीमेपलीकडच्या हळ्ळीखेडहून लिंगम्मा आली. मामाकडं राहायची, मराठी अडखळत बोलायची, आणि जाडी होती. हिला कोण बघणार, असं सरांनी विचारलं, तर विजयश्रीनं आपणहून हात वर केला.

मधल्या सुट्टीत लिंगम्मानं डबा उघडून तिच्यापुढं धरला. शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या, वरून तूप. "घे अक्का, अव्वानं... आईनं गावाहून पाठवल्यात."

विजयश्रीनं एक पोळी उचलली, नाकाशी नेली. तोंडाला पाणी सुटलं तसा तिचा चेहरा कडवट झाला. पोळी मातीत टाकून तिनं बुटाखाली चिरडली. मग दुसरी, मग तिसरी.

"जाऊ दे की गं," शिवकन्या घाबरून म्हणाली. "पहिलाच दिवस हाय तिचा."

"मला जाऊ दिलं व्हतंस का?"

रोज सकाळी लिंगम्माच्या मागं विजयश्री असायची, हातात कडुनिंबाची ओली फांदी घेऊन. पोटऱ्यांवर वळ उठले. सरांनी ते पाहिले आणि शिट्टी वाजवून फेरी पुढं चालू केली. एका सोमवारी लिंगम्मा आलीच नाही. मामानं तिला हळ्ळीखेडला पोचवलं होतं, शाळाच नको म्हणून.

बाजारात तो मामा सोजराबाईला भेटला आणि सगळं सांगून गेला. ती तशीच घरी आली.

"पोरीचं अन्न पायाखाली तुडवलंस? मारलंस तिला?"

"तिच्याच भल्यासाठी," विजयश्री म्हणाली.

सोजराबाईनं हात उगारला. समोरच्या गालावर मारायला मांसच उरलं नव्हतं. तिनं हात खाली घेतला, ताट वाढलं आणि लेकीपुढं सरकवलं.

"खा."

"न्हाई. उद्यापासून आठवीतली मागची पोरंबी माझ्याकडं देणारेत सर," विजयश्री म्हणाली आणि ताट ओलांडून अंगणात गेली.