खिडकीतला सहावा टंबलर

मी एक जुना स्टीलचा टंबलर आहे. आम्ही सहा भाऊ एकाच खोक्यातून चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या एका लहानशा कार्यालयात आलो. तिथे येशूची गोष्ट तंजावरी मराठीत आणण्याचं काम चालतं. पाच भाऊ फडताळात गेले. माझ्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लागला आणि मी खिडकीत गेलो. मी झाडलोट करणाऱ्या सेल्वीचा.

मित्रांनो, ठिपका लावणारे वसंतराव. बँकेतून निवृत्त झालेले, भाषेचे सल्लागार, बोलायला लोण्यासारखे. कॉफी मात्र माझ्यात हातभर उंचीवरून ओतायचे. भांड्याला भांडं लागू नये म्हणून. ती सेल्वीच्या बोटांवर उडायची. नऊ वर्षं मी ते शिंतोडे लक्षात ठेवले. माफ वगैरे करणं माणसांना जमतं. मी स्टीलचा आहे.

गेल्या मंगळवारी येशू, जन्मानं यहूदी, विहिरीपाशी एका परक्या, शोमरोनी जमातीच्या बाईकडे पाणी मागतो, तो भाग आला. बाई चकित होते. का, ते वसंतरावांनी एका ओळीत बसवलं होतं: 'यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नाहीत.'

"काका, नुसता 'संबंध' नको," यामिनी म्हणाली. ही नाशिकहून आलेली, त्यांच्या हाताखालची भाषांतरकार. "त्याला तिच्या भांड्यातून प्यावं लागणार, म्हणून ती चकित झाली. तेव्हाच्या लोकांना हे न सांगता कळायचं. आपल्या वाचणाऱ्यांना कसं कळणार?"

"तहान लागली, पाणी मागितलं. उगाच भांडी कशाला आणतेस मध्ये?"

पानं दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. इथली पद्धत अशी, की गोष्ट न ऐकलेल्या माणसाला मजकूर वाचून दाखवायचा आणि प्रश्न विचारायचे. ऐकायला येणारे गृहस्थ शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला अडकले. मग सेल्वीलाच बसवलं. मराठी घरांत कामं करून तिला भाषा येते.

यामिनीनं वसंतरावांची ओळ वाचली. "बाई का चकित झाली, अक्का?"

"भांडण असेल. जागेचं."

मग यामिनीनं स्वतःची ओळ वाचली: 'यहूदी शोमरोन्यांच्या भांड्यातून पाणी पीत नाहीत.'

सेल्वी हसली. "अय्यो, असं सांगा की! तिचा टंबलर खिडकीत असणार." आणि तिनं मला उचलून थेट वसंतरावांच्या कागदांवर ठेवलं. "मग, सार, प्यायले का ते?"

"तसं... लिहिलेलं नाही."

"मागितलं तरी. तुम्ही कधी मागितलं नाही."

वसंतरावांनी मान खाली घातली आणि त्या ओळीत स्वतःच्या हातानं भांडी लिहिली. मला वाटलं, संपलं. सेल्वीला तसं वाटलं नाही. संध्याकाळी तिनं तारेच्या घासणीनं माझा ठिपका खरवडून काढला आणि मला भावांच्या रांगेत नेऊन लावलं.

तेव्हापासून वसंतराव रोज सकाळी सहाही टंबलर उलटे करून बघतात.

"काय शोधताय, काका?"

"काही नाही गं."

मग डोळे मिटून एक उचलतात. मी कुठला, हे मला सांगता येईल. सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही खिडकीत एखादा टंबलर एकटा बसला असेल, तर त्याला आजच आत घ्या. नाहीतर तो आपला आपण आत येतो, आणि मग तो तुम्हाला ओळखू येत नाही.