आईच्या नावाची पावती

पोलिसाच्या मुलाखतीत हा प्रश्न येतोच. चुकायचंच नाही. बेलफोर्ड विद्यापीठाच्या पोलीस प्रमुख ओडेट लोमॅक्स यांनी चष्मा खाली घेतला आणि ड्यूई टॅकेटला विचारलं, "तुझ्या आईने सिग्नल मोडला, तर तिच्या नावाने पावती फाडशील?"

उत्तर सगळ्यांना पाठ असतं. "हो मॅडम" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण ड्यूईला गप्प बसणं कधी जमलंय! छाती पुढे काढून तो म्हणाला, "हो मॅडम. आणि तिने हुज्जत घातली तर दुसरीही फाडीन."

आता ड्यूईची आई लोरीन म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत गेली बावीस वर्षं मॅकरोनी-चीज वाढणारी बाई. पोरं तिला मिस लोरीन म्हणतात. कुलगुरूसुद्धा मिस लोरीनच म्हणतात. चीफ लोमॅक्स त्याच दुपारी ताट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि हसत हसत म्हणाल्या, "मिस लोरीन, तुमचा मुलगा तुमच्यावर दोन पावत्या फाडणार आहे बरं का!"

लोरीन हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ड्यूईच्या ताटात मॅकरोनी पडायची ती चमचाभर. खरोखरच चमचाभर! "एवढीच?" म्हटलं की ती म्हणायची, "जाड झालास तर पळता येणार नाही, ऑफिसर. पुढे सरका."

तरी नोकरी लागल्याचा आनंद तिलाच जास्त होता, आणि का नसावा? चौतिसाव्या वर्षी पोराचं काहीतरी मार्गी लागत होतं. गावच्या पोलिसांनी ड्यूईला दोनदा परत पाठवलं होतं. एकदा शारीरिक चाचणीत भिंतीवर चढून तो पलीकडे उतरलाच नाही, वरच बसून राहिला. दुसऱ्यांदा कॉलेज पुरं नाही म्हणून. मग टायरच्या दुकानात दिवसभर काम आणि संध्याकाळी वर्ग, असं करत त्याने कॉलेजची दोन वर्षं कशीबशी ओढून नेली. पोलीस अकादमीत सरावासाठी डोळ्यांत मिरचीचा फवारा मारून घेतला आणि आंधळ्यासारखा चाचपडत एकाला बेड्या घातल्या. नंतर कळलं, तो त्यांचा शिक्षक होता. मानसतज्ज्ञाने विचारलं, "कोणीतरी पाठलाग करतंय असं कधी वाटतं का?" तर हा म्हणाला, "वाटतं काय, करतंच. दुकानातला कुत्रा." तरीही पास झाला. देवाची कृपा, दुसरं काय!

आणि गाडी अडवायची कशी, काय बोलायचं, हात कुठे ठेवायचा, याचा सराव घरच्या अंगणात चालायचा. लोरीन स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणून तिच्यावर बसायची, हातात स्टिअरिंग म्हणून पातेल्याचं झाकण. कधी ती दारू प्यालेला प्राध्यापक व्हायची, कधी उद्धट पोरगी. प्राध्यापक झाली की अशा काही शिव्या द्यायची की शेजारची मंडळी खिडक्या लावून घ्यायची. ड्यूई चुकला की झाकण आपटून म्हणायची, "नाव सांगितलं नाहीस. परत मागे जा. परत ये."

तर आता सगळं येऊन ठेपलं होतं प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवसावर. त्याला सगळे भुताचा दिवस म्हणतात. शिकवणारा सार्जंट साध्या कपड्यांत शेजारी बसतो आणि तो तिथे नाहीच असं समजायचं. तो बोलत नाही, सांगत नाही, मान हलवत नाही. दिवस नीट गेला तर उद्यापासून एकट्याला गाडी. नाही गेला तर घरी. तिसऱ्यांदा घरी गेलं की पुन्हा कोण घेतो? ड्यूईला हे चांगलं ठाऊक होतं.

सार्जंट हॉलिस रस्क पोपटांचा शर्ट घालून आले. हिरवे-लाल पोपट, मोठ्या पोटावर दाटीवाटीने बसलेले. शेजारी बसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"गुड मॉर्निंग, सार्जंट," ड्यूई म्हणाला.

भुताने शेंगदाण्यांची पुडी सोडली.

सकाळ बरी गेली. मुलींच्या वसतिगृहात कोणीतरी पॉपकॉर्न जाळलं, धोक्याची घंटा वाजली, दोनशे पोरी पांघरुणं गुंडाळून बाहेर आल्या. ड्यूईने सगळ्यांना शांत केलं. मग रसायनशास्त्राच्या बाईंच्या मोटारीवर एक राजहंस बसला होता, त्याला उतरवायला गेला तर राजहंस मागे लागला. ड्यूई पळाला खरा, पण पोलिसाला शोभेल असा पळाला. एका पोराच्या हरवलेल्या सायकलचा छडा लागला. सायकल त्याच्याच मित्राने नेली होती. भूत खिडकीबाहेर बघत शेंगदाणे खात होतं.

जेवणाची वेळ टळल्यावर ड्यूईने गाडी लायब्ररीच्या चौकात लावली. तिथे स्टॉपची पाटी आहे. महिन्याभरापूर्वी तिथे एका मुलीच्या पायावरून गाडी गेली होती, आणि चीफने बजावून सांगितलं होतं: या चौकात तंबी देऊन सोडणं बंद, थांबला नाही त्याच्या नावाने पावती, मग तो कोणी का असेना. गेल्याच आठवड्यात ड्यूईने भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांवर फाडली होती. पिझ्झावाल्यावरही.

आणि खानावळीच्या बाजूने आली ती जुनी निळी पिकअप.

"नको," ड्यूई पुटपुटला. "मॉम, आज नको गं."

लोरीन टॅकेट आयुष्यात कधी पूर्ण थांबली नव्हती. पाटी दिसली की ब्रेकला नुसती पायाची बोटं लावायची, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, कोणी नाही ना, चला. पोरांनी या प्रकाराला नावच पाडलं होतं: लोरीन-थांबा. पिकअप पाटीपाशी आली, लाजल्यासारखी जराशी हळू झाली, आणि गेली की पुढे.

लायब्ररीच्या पायऱ्यांवर शंभरेक पोरं ऊन खात बसली होती. एक ओरडला, "अरे, मिस लोरीन!" मग दुसऱ्याला गस्तीची गाडी दिसली. "आणि तो तिचा ड्यूई!" सगळे फोन काढून उभे राहिले.

ड्यूईने भुताकडे बघितलं. भुताने एक शेंगदाणा सोलला.

काय करणार बिचारा! दिवा लावला, भोंगा वाजवला. पिकअप बाजूला थांबली. ड्यूई उतरला, आपल्या बोटांची खूण गाडीवर राहावी म्हणून मागच्या दिव्याला शिकवल्याप्रमाणे हात लावला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आणि थेट पावतीपुस्तकच काढलं.

"नाव सांग आधी," लोरीन समोर बघत हळूच म्हणाली.

"मी ऑफिसर टॅकेट, बेलफोर्ड विद्यापीठ पोलीस. मॅडम, तुम्हाला का थांबवलं, ठाऊक आहे का?"

"थांबवलंस म्हणून मॅकरोनी गार होतेय, एवढं ठाऊक आहे. तुझ्यासाठीच घेऊन चालले होते. भुताचा दिवस ना आज? म्हटलं, पोरगं उपाशी असेल."

 शेजारच्या सीटवर चांदीच्या कागदात गुंडाळलेला डबा खरंच होता. आणि चमचाभर नव्हता, चांगला मोठा होता.

"लायसन्स, मॅडम."

तिने दिलं. ड्यूईने वाचलं आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "यावरची माहिती बरोबर आहे? उंची, वजन..."

"काय म्हणालास?"

"वजन, मॅडम. इथे छप्पन्न किलो लिहिलंय."

"मग?"

ड्यूईने आईकडे बघितलं. आईने ड्यूईकडे बघितलं. 

"बरोबर आहे, मॅडम," ड्यूई म्हणाला.

मग तो पेन हातात घेऊन उभा राहिला. पेन चालेना. त्याला वाटलं, मिरचीचा फवारा परवडला. शेवटी लोरीनच कुजबुजली, "लिही की रे. बावीस वर्षं या पोरांना सांगतेय, माझा ड्यूई पोलीस होणार. आता सगळ्यांसमोर आईला सोडलंस, तर उद्या मी कुठल्या तोंडाने वाढू त्यांना? लिही."

त्याने लिहिली. फाडली. तिने घेतली, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. डबा मात्र दिला नाही. "ड्युटीवरच्या पोलिसाला खायला देणं म्हणजे लाच होईल," ती म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता. हसण्याने की कशाने, ड्यूईला कळलं नाही.

तो गाडीत येऊन बसला. डोळे भरून आले होते. शेजारी भूत अजून खिडकीबाहेर बघत होतं. ड्यूईने काही न बोलता गाडी काढली. पुढच्या कोपऱ्यावर चर्चपाशी आणखी एक स्टॉपची पाटी आहे. ब्रेकला पायाची बोटं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कोणी नाही, चला.

मागून हॉर्न वाजला. लांबच लांब. आरशात निळी पिकअप, तिचे दिवे उघडझाप करत होते.

"मेलो!" ड्यूई म्हणाला.

संपलं सगळं. टायरचं दुकान डोळ्यांपुढे आलं, कुत्र्यासकट. गाडी बाजूला घेतली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्याने वायरलेस उचलला.

"चीफ, टॅकेट बोलतोय. चर्चच्या कोपऱ्यावर गस्तीची गाडी पाटीपाशी थांबली नाही. चालवत मीच होतो."

 मग चीफ लोमॅक्स म्हणाल्या, "कोणी अडवलं का तुला?"

ड्यूईने आरशात बघितलं. आई उतरली होती, केसांवरची खानावळीची जाळी नीट करत येत होती. मागच्या दिव्याला तिने हात लावला, अगदी बरोबर जागी.

"हो मॅडम. आईने."

"मग ती सांगेल तसं कर," चीफ म्हणाल्या आणि वायरलेस बंद झाला.

लोरीन खिडकीपाशी आली. "मी लोरीन टॅकेट, बेलफोर्ड खानावळ. साहेब, तुम्हाला का थांबवलं, ठाऊक आहे का?"

"हो मॅडम."

"असली गाडी चालवायला शिकवली कोणी तुम्हाला?"

"आईने, मॅडम."

"वाटलंच." तिने एप्रनचा खिसा थोपटला. "तिच्या नावाची पावती आज फाटलीये. या कोपऱ्यावर तंबी चालते ना? मग तुम्हाला तंबी देऊन सोडते. पुन्हा दिसलात तर बघा."

आणि तिने त्याच्या गालावर हलकीच चापट मारली. अकादमीत हे शिकवत नाहीत.

ती गेल्यावर ड्यूईने गाडी सुरू केली. मग पोपटांच्या शर्टातून आवाज आला, दिवसातला पहिला. "उद्यापासून एकटा चालव," सार्जंट रस्क म्हणाले. "आणि तो डबा मागून घेता आला असता, गाढवा. मला शेंगदाण्यांचा कंटाळा आला होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूई लायब्ररीच्या चौकात एकटाच उभा होता. निळी पिकअप आली आणि पाटीपाशी थांबली. पूर्ण थांबली. पुढे कोणी नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, तरी बाई हलायला तयार नाही. मागे गाड्यांची रांग लागली, एकाने हॉर्न वाजवला. विभागप्रमुखच होते ते. शेवटी ड्यूईला रस्त्यात उतरून हात दाखवावा लागला.

"मॅडम, जा आता!"

"खात्री झाली ना ऑफिसरची?" लोरीनने खिडकीतून विचारलं. "नाहीतर थांबते अजून."

"झाली गं मॉम, झाली! जा!"

पिकअप निघाली. जाता जाता खिडकीतून चांदीच्या कागदातला डबा त्याच्या हातात आला. दोन्ही हातांनी धरावा लागला, एवढा जड होता, आणि अजून गरम होता.