सूतभर सरकलेलं पातं

मित्रांनो, राजूरजवळच्या एका गावात कचरू मिस्त्रींच्या रंधा मशीनवर फिरणारं मी एक जुनं पातं आहे. हातभर लांब, अस्सल पोलादी. माझा जुळा भाऊ मशीनच्या त्याच गोल फिरत्या रुळावर पलीकडे बसतो. आठ वर्षांत आम्ही किती दारं, किती देव्हारे गुळगुळीत केले, मोजदाद नाही. लोक फळीवर हात फिरवून "लोणी हाये, लोणी!" म्हणायचे आणि आम्ही आणखी जोमाने फिरायचो.

यंदा सप्ताहात कीर्तनकार बुवांना उभं राहायला नवी चौकी करायची ठरली. गावातल्या चतुराबाईंनी त्यासाठी आपलं जुनं सागवानी दार चौकटीसकट दिलं. कीर्तन दुसऱ्याच दिवशी होतं. एरवी मिस्त्री जुन्या लाकडावर आधी चुंबक फिरवतात. त्या दिवशी त्यांनी दार-चौकट सुटी केली, लाकडाला हात जोडले आणि ते सरळ मशीनमध्ये घातलं.

खण्ण! रंगाखाली तोरणाचा खिळा मोडून राहिला होता. आम्हा दोघांनाही नेमकी एकाच जागी खाच पडली. मग प्रत्येक फळीवर उंच रेघ उठू लागली.

चतुराबाई बघायला आल्या, तर मिस्त्री डोक्याला हात लावून बसलेले.

"मावशी, बुवा अनवाणी नाचतेत. ही रेघ पायाला टोचंल. अन् धार लावणाऱ्याचं दुकान आज बंद."

"डोळे मिटून कापलं व्हय रे?"

"देवाच्या कामाचं लाकूड, त्यात काय चुंबक फिरवायचा, म्हणलं."

"खिळ्याला काय ठावं देवाचं काम हाये म्हणून!" त्या हसल्या, पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. "मंग माझं दार बुवांच्या पायाखाली न्हाई यायचं?"

मिस्त्री रेघेवर बोट फिरवत राहिले. एकदम म्हणाले, "मावशी, सारे टाळकरी एकदमच दम घ्यायला थांबले तर?"

"चाल तुटंल की! एकानं दम घेतला तर दुसरा धरून ठिवतो."

"बराबर! ही दोन्ही पाती एकाच जागी दम घेऊन राह्यलीत."

त्यांनी बोर्डातली मशीनची पिन काढली, माझे स्क्रू सैल केले आणि मला सूतभर डावीकडे सरकवलं. दोघांची उंची पुन्हा जुळवली, स्क्रू आवळले, रूळ हाताने फिरवून पाहिला. आता माझ्या खाचेतून जे सुटेल, ते भावाची धार कापणार होती.

फळी बाहेर आली. चतुराबाईंनी चप्पल काढून तिच्यावर पाऊल ठेवलं, हळूच घासलं. "कर आता चौकी," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बुवा तिच्यावर दोन तास रंगून नाचले.

मित्रांनो, खाच पडली म्हणून आम्हाला भंगारात टाकू नका. आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो आणि झकास कापतो. फक्त लाकडाला नमस्कार करून झाला की चुंबकही फिरवा. देव त्याने रागावत नाही.