तहानलेला नळ

तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात तीळ ठेवायलाही जागा नव्हती. अख्खी इमारत लोटली होती, तरी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. उघड्या नळाला रबरी नळी लावली होती आणि तिचं टोक पाण्यानं भरलेल्या परातीत बुडवलं होतं. नळबाबांनी घंटी वाजवली. जरा वेळानं नळाच्या घशात गुरगुर झाली आणि परातीतलं पाणी उतरू लागलं. नळ पाणी पीत होता.

"पाहिलंत?" बाबा कुजबुजले. "जमिनीखालचं पाणी तहानलंय. आधी त्याला पाजा, मग ते तुम्हाला पाजेल. तक्रारी केल्यात तर मात्र चवताळेल."

वरच्या मजल्यांवर बरेच दिवस करंगळीएवढी धार यायची. लोक पाणीखात्याला फोन करकरून थकले होते. बाबा आले आणि फोन बंद झाले. धार होती तेवढीच राहिली, पण आता तिची भीती वाटायची. त्यात बाबांनी नवं खूळ काढलं होतं: आजाऱ्याचे हात परातीत धुवायचे, नळ आजार पिऊन टाकतो. नळ पीत राहिला आणि घरोघरी जुलाब-उलट्या वाढत गेल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना हे बघवत नव्हतं. आज परातीत हात धुतले होते ते तळमजल्यावरच्या आजोबांच्या नातीचे. पोर आईच्या मांडीवर निपचित पडली होती. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडीठाक.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं," बाई म्हणाल्या.

"मामंजी म्हणतात, आधी नळाला पाजू," आई रडवेली होऊन म्हणाली.

"आहेत कुठे ते?"

"खाली. बाबांनी त्यांना एकट्यालाच जपाला बसवलंय."

नात मरणाच्या दारात आणि आजोबा जपाला. बाईंना ते खटकलं. त्यांनी स्टेथोस्कोप काढला आणि सरळ नळाच्या पाइपाला लावला.

"नळाची नाडी बघताय वाटतं?" बाबा हसले.

"हो. बाबा, पुन्हा पाजा बघू. फक्त घंटी माझ्याकडे द्या."

सगळे बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. बाईंनी घंटीची जीभ मुठीत धरली. बाबांनी मंत्र म्हटले, डोळे फिरवले, घाम गाळला. नळ ढिम्म. मग बाईंनी मूठ सोडून घंटी खणखणवली. पाइपातून घरघर ऐकू आली आणि परातीतलं पाणी खाली खाली गेलं.

"चला माझ्याबरोबर," म्हणत बाई जिना उतरल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत होती. तळमजल्याच्या न्हाणीघरात, सामाईक पाइपाला चोरून जोडलेल्या मोटरीच्या बटणावर हात ठेवून आजोबा बसले होते.

"दाब कमी म्हणून बसवली," ते खालमानेनं म्हणाले. "बाबांनी बघितली. म्हणाले, खिडकीतून घंटी ऐकू आली की चालू करा, कुणाला कळू देणार नाही."

"मोटर पाइपातून ओढते, म्हणून वरचा नळ उलटा ओढतो. चमत्कार तो एवढाच. पण वर पाजलेलं जातं कुठे, आजोबा? थोडं पाइपात राहतं, ते सगळ्यांच्या घरी जातं. बाकीचं तुमच्या टाकीत. हात धुतलेलं सगळं त्या लेकराच्या पोटात गेलंय."

आजोबांनी बटणावरचा हात झटकन मागे घेतला. बाबांनी तेवढ्यात पोबारा केला होता.

"ऐका," बाई जिन्यातल्या लोकांना म्हणाल्या. "नळाला तहान लागत नाही. पाणी उकळून प्या, मोटर काढा, तक्रार करा, दाद मिळेपर्यंत करत राहा. आणि 'विचारू नका' असं कुणी म्हणालं, तर तिथेच विचारा."

गाडी आली. पोरीला मागच्या सीटवर निजवलं. तिनं डोळे किलकिले करून पाणी मागितलं. आजोबा धावत आत गेले आणि पेला भरून घेऊन आले. दारापाशी येऊन थबकले. बाईंनी आपल्या बाटलीतलं उकळलेलं पाणी तिच्या ओठांना लावलं. गाडी निघून गेली तरी आजोबा भरला पेला हातात धरून तिथेच उभे होते.